नाव पुकारलं की उठायचं

समस्त वाचकांना, आप्तेष्टांना आणि रेल्वे कॉलनीतल्या शेजारणींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की काल सायंकाळी शिरूरहून सुटलेल्या एस.टी.नं आमच्या दौंडच्या क्वार्टरवर सासरच्या परसातलं एक डांगर येऊन दाखल झालं आहे. डांगर म्हणजे तुमचा तांबडा भोपळा. प्रकृती उत्तम, बूड सपाट, आकार असा की कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागून पाहिलं. सध्या मुक्काम स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशेजारी. त्याच्या सालीवर मोठ्या अक्षरांत ‘एस्तेर’ असं नाव आहे. आणि त्या नावाकडे बघून मी, कमल गायकवाड, वय चाळिशीच्या पुढं, तोंडानं फटकळ, नाटकात गेले असते तर पडदा फाडला असता अशी बाई, दरवर्षीप्रमाणे यंदाही कानापर्यंत लाल झालेली आहे. निवेदन संपलं. आता हसायला हरकत नाही.

हे दिवसच तसे असतात. शाळू उपटून झालेला असतो. शिरूरकडं घोड नदीच्या काठानं जावं तर रानात पेंढ्या उभ्या, ताटांचा गोडूस वास, कणसांची कूस उडून मानेला खाज. दौंडला परत यावं तर तीच कूस इंजिनाच्या कोळशात मिसळून केसांत बसलेली. फेब्रुवारी सरत आला की उन्हाला धार येते, आणि आमच्या ख्रिस्ती लोकांत कापणीच्या सणाची गडबड सुरू होते. शेतातलं, परसातलं जे पहिलं आणि चांगलं, ते चर्चमध्ये न्यायचं. कुणाची शाळवाची पेंढी, कुणाची वांगी, कुणाची कोंबडी. डांगर न्यायचं असेल तर ते कोवळं असतानाच बाभळीच्या काट्यानं त्यावर घरातल्या बाईचं नाव कोरायचं. फळ वाढतं, तसं नावही वाढतं. जखम भरून येते आणि अक्षरं फुगून वर येतात.

सणाचा रिवाज मी नव्या नवरीच्या डोळ्यांनी पाहिला तो असा. पाळकसाहेब एकेका घराचं नाव वाचतात. नाव पुकारलं की उठायचं, टेबलाशी जाऊन हातातलं ठेवायचं, आशीर्वाद घ्यायचा, परत यायचं. त्याच दिवशी मुलांच्या शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशाळेची, बक्षिसं. पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा नंबर. ज्याला नंबर नाही त्याला पेन्सिल. आमच्या शिरूरच्या चर्चमध्ये नाव पुकारलं आणि माणूस रिकाम्या हातानं बसलं, असं कधी झालं नाही. शेवटी सगळ्या जिनसांचा लिलाव. लिलाव पुकारणार यशवंतमामा. हे आमच्या चर्चचे मुख्य पंच. त्यांचा आवाज असा, की “दोन वार” म्हणाले की कोंबडी आपणहून विकली जायची.

आता आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, एस्तेर गायकवाड. उंचीनं माझ्या खांद्याला, आवाजानं चर्चच्या कौलांना. बोलताना घोगऱ्या, पण गायला लागल्या की घसा कुणीतरी आतून धुऊन दिल्यासारखा. कापणीच्या सणाचं गाणं आमच्याकडं पेटीवर सुरू होत नाही. आधी एकटा आवाज पहिली ओळ उचलतो, मग मंडळी ती झेलतात. ती ओळ कैक वर्षं आत्याबाईंची होती. शाळू, वांगी, कोंबड्या, पोरांची कुजबुज, सगळं त्या एका ओळीसाठी गप्प व्हायचं.

मग घोड नदीच्या काठी सिनेमावाले आले.

मराठी सिनेमा होता. नटीला झोळीतलं मूल जोजवायचं होतं. शेजारच्या रानात आत्याबाई कुणाचं तरी खरंखुरं मूल बाभळीखालच्या झोळीत घालून जोजवत होत्या, आणि कणसं मोडता मोडता गात होत्या. सिनेमावाल्यांचे संगीत मास्तर हातात चहाचा कप घेऊन बांधावर आले आणि चहा निवेपर्यंत तिथंच उभे राहिले. आठवड्याभरात आत्याबाईंना मोटारीनं पुण्याला नेऊन ती अंगाई भरून घेतली. “काचंच्या खोलीत कोंडलं बाई मला,” त्या सांगायच्या. “म्या म्हनलं, पोरगं कुठाय? ते म्हनले, न्हाई पोरगं. मग गाऊ कुनाला? तर त्या मास्तरनं आपला रुमाल गुंडाळून दिला मांडीवर.” मांडीवरच्या त्या रुमालाला त्यांनी जोजवलं. सिनेमा दौंडला तंबूत लागला तेव्हा नटीचे ओठ हलत होते आणि सासूबाईंचा आवाज येत होता. मी घाम फुटून इकडंतिकडं बघत होते. कॉलनीतल्या बायका कोपरानं ढोसत होत्या, “कमल, तुझ्या सासूबाई नटीत शिरल्यात की गं!”

शिरूरला मात्र पंच बसले. यशवंतमामा म्हणाले, “ज्या तोंडानं तंबूत गायलं, त्याच तोंडानं देवाम्होरं गायचं? कसं दिसंल ते?” पाळकसाहेब मवाळ माणूस. ते टेबलावरची धूळ बोटानं पुसत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, “मामा, तोंड एकच दिलंय देवानं. दुसरं कुठनं आनू?” लोक हसले, आणि मामा हट्टाला पेटले. त्या हंगामात ओळ कोण उचलणार, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

तेवढ्यात मुंबईहून पाकीट आलं. सिनेमाच्या एका साप्ताहिकानं वर्षातल्या चांगल्या कामांना बक्षिसं द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा ही पद्धत नवीनच होती. गाणाऱ्या बायकांत तीन नावं निवडली होती आणि त्यांत आत्याबाईंचं होतं. इंग्रजी पत्र पाळकसाहेबांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून वाचलं. तीन नावं म्हटल्यावर सगळ्या मंडळीला जे कळलं ते मलाही कळलं, आणि मी चांगली मॅट्रिक झालेली. तीन नावं म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. बक्षीस आहेच, नंबर कळायचा बाकी.

यशवंतमामांना वाट सापडली. ते म्हणाले, “आपुन न्याव करनारे कोन? तिथं मोठमोठी जानती मान्सं बसत्यात. त्यांनी बक्षीस दिलं तर काम अब्रूचं. मग सनाला वैनींनी म्होरं हुबं ऱ्हावं आन् वळ उचलावी. आन् न्हाई दिलं तर मागल्या बाकावर, गप. बोला, कबूल?”

आत्याबाईंनी एका क्षणात सांगितलं, “कबूल.” तिसरा नंबर तर कुठं जात नव्हता.

आमचे हे रेल्वेत गार्ड. पास मिळाला, पण ड्यूटी सुटली नाही. म्हणून दौंडहून बोरीबंदरला आम्ही दोघीच गेलो, आणि आमच्याबरोबर, धुतल्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, परसातलं पहिलं डांगर. मी स्टेशनावर हात जोडले. “आत्याबाई, मुंबईच्या समारंभात डांगर कोण नेतं?”

“मग काय रिकाम्या हातानं जाऊ? घेताना काय तोंडानं घ्यायचं?”

ह्यांनी खिडकीतून डोकं घालून सांगितलं, “शाळेत लोकांना भोपळा मिळतो. तुम्ही आपला घरून घेऊन चाललात.” मी हसले. त्या हसण्याचं पाप मला पुढं चांगलंच फळलं.

थिएटरच्या दारात फेटेवाल्या गुरख्यानं विचारलं, “यह क्या है?” आत्याबाईंनी गाठ सोडून दाखवलं. त्यानं वाकून डांगराला पाहिलं, मला पाहिलं, आणि बाजूला झाला. आत गालिचा इतका मऊ, की आत्याबाई वाफ्यात पाय पडल्यासारख्या जपून चालत होत्या. खुर्च्या आपोआप मिटणाऱ्या. त्यांनी बसायचं म्हणून हात काढला की खुर्ची फटकन मिटायची. पुढच्या रांगेतली मखमल वळून बघायची. शेवटी मी खुर्ची धरून ठेवली आणि त्या बसल्या, डांगर मांडीवर. सगळीकडं अत्तर, आणि मधूनच आमच्या फडक्यातून शाळवाच्या ताटांचा वास. मला वाटत होतं तो वास फक्त मलाच येतोय. शेजारच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला तेव्हा कळलं, त्यांनाही येतोय.

पुकारा इंग्रजीत होता. काळ्या सुटातला माणूस बोलत होता आणि मला निम्मं कळत होतं. मग त्यानं गाणाऱ्या बायकांची नावं वाचायला घेतली. पहिलंच नाव आलं. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं केलं होतं त्यानं, पण ते नाव आमचंच होतं. “मिसेस एस्थर गायकवाड, शिरूर.”

“पयला!” आत्याबाई म्हणाल्या. आणि उठल्या.

खुर्ची फटकन मिटली. “चल की गं,” त्या म्हणाल्या, “एकटीला उचलंना हे.” मी डांगराची दुसरी बाजू धरली, पण सुटातला माणूस थांबला नव्हता; तो दुसरं नाव वाचत होता, आणि दुसऱ्या नावाची बाई उठली नव्हती. तिसरं वाचलं. तीही बसूनच. पण तोवर आम्ही मधल्या वाटेनं निम्म्यात पोचलो होतो. सासू पुढं, मी मागं, मध्ये डांगर. तिथून परत फिरायचं कसं, हे मला आजतागायत सुचलेलं नाही.

पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. दिव्यांनी डोळे दिपले. प्रमुख पाहुणे पांढऱ्या मिशांचे, कुणी मोठे साहेब. आत्याबाईंनी मान लववली आणि डांगर त्यांच्या हातांत दिलं. दिलेली वस्तू सभ्य माणूस घेतो, तशी त्यांनी घेतली आणि ओझ्यानं कमरेत वाकले. मग आत्याबाई एक पाऊल मागं सरल्या, आणि घेण्यासाठी दोन्ही हातांनी पदर पसरला.

सुटातला माणूस माझ्या कानाशी आला. मराठीच होता बिचारा. “बाई, यांना खाली न्या. अजून निकाल सांगितलेला नाही.”

“पण नाव पुकारलं ना?” आत्याबाईंनी विचारलं. कुजबुजणं त्यांना जमत नसे. ध्वनिक्षेपक समोरच होता. सगळ्या थिएटरनं ऐकलं.

“नुसतं नाव होतं, बाई.”

“नुसतं म्हंजी?”

तेव्हा हशा आला. वाईट नव्हता तो; गंमत वाटली लोकांना. पण माणूस पदर पसरून उभं असताना आलेला हशा चांगला की वाईट, हे खाली बसलेल्यांनी ठरवू नये. पाहुण्यांनी डांगर टेबलावर टेकवून घाईनं निकालाचं पाकीट फोडलं. नाव तिसरीचं निघालं. ती कोवळी पोर वर आली, तिनं बक्षिसाची बाहुली घेतली, आम्ही नेमक्या कुठं उभ्या आहोत ते न कळून आम्हालाही नमस्कार केला. दिवे लखलखले. त्या साप्ताहिकात तो फोटो आला आहे. मध्ये पोर, हातात बाहुली. डाव्या कडेला अर्धं डांगर, आणि डांगराला लागून एक कोपर. ते कोपर माझं. माझ्या नणंदेनं तो चौकट करून भिंतीला लावलाय. मी तिच्याकडं जाते तेव्हा त्या भिंतीकडं पाठ करून बसते.

बाहेर पडताना एक माणूस धावत आला. “बाई, हे राहिलं. यावर तुमचं नाव आहे.” दिलेलं परत घेऊ नये, हा आत्याबाईंचा कायदा. त्यांनी डांगरावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “त्यास्नी नको असंल तर टाकून कसं द्यावं? पिकलेलं हाय.” आणि फडकं पुन्हा बांधलं.

लाज कुठं बसते, हे मला त्या परतीच्या प्रवासात कळलं. ती तोंडावर येते आणि जाते. बसते ती तळपायांत. चपला काढून मी पाय वर घेऊन बसले तरी त्या गालिच्याचा मऊपणा काही जाईना. समोर आत्याबाई, डांगरावर हात ठेवून. घाट गेला, पुणं गेलं. उजाडायला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं,

“तिसरा नंबर बी न्हाई?”

“नाही, आत्याबाई. तिथं एकच नंबर असतो.”

“मग बाकीच्यांची नावं कशाला पुकारत्यात? घरी बसलेल्या बाईला बोलवायचं, चार लोकांत तिचं नाव घ्यायचं, आन् मग म्हनायचं, तू न्हाईस. ही कुठली गं रीत?”

पुढं अशा समारंभांच्या बातम्या दरवर्षी वाचल्या. कोण जिंकलं ते चार दिवसांनी विसरले; पण फोटोत खाली बसलेल्यांचे चेहरे बघायची खोड मला तेव्हापासून लागली. टाळ्या वाजवत असतात बिचारे. हात वर असतात, आणि खाली पाय कसे असतील, ते मला माहीत आहे.

दौंड आलं. आणि अहो, फलाटावर पेटी होती! ढोलकी होती! शिरूरची निम्मी मंडळी पहिल्या एस.टी.नं येऊन उभी होती. झेंडूचा हार घेऊन पुढं यशवंतमामा. आम्हाला बघताच ढोलकी सुरू झाली. आत्याबाई उतरायच्या आत मामांनी ते गाठोडं त्यांच्या हातून घेतलं. “आरारारा, काय जड हाय! भरीव दिसतंय!” मी “मामा, मामा” करत होते, ढोलकीपुढं कोण ऐकतो? त्यांनी फलाटावरच्या बाकावर गाठोडं ठेवलं, सगळ्यांना वाकायला सांगितलं, आणि लिलावाच्या थाटात गाठ सोडली.

ढोलकी एकेका थापेनं थांबली.

“हे तर आपलंच डांगार हाय,” कुणीतरी म्हणालं.

आत्याबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बक्षीस न्हाई मिळालं. नाव पुकारलं, म्या उठून गेले. बक्षीस दुसऱ्याच बाईचं हुतं. लोक हसले.” एवढंच. तिखट नाही, मीठ नाही. मी असते तर निदान थिएटरला तरी नावं ठेवली असती.

मामांच्या हातात हार तसाच. घालावा तर कुणाला, ठेवावा तर कुठं. ते एकदा डांगराकडं बघत, एकदा पाळकसाहेबांकडं. शेवटी तो त्यांनी आपल्याच मनगटाला गुंडाळला आणि जमिनीकडं बघून म्हणाले, “मग... ठरल्यापरमानं.”

“ठरल्यापरमानं,” आत्याबाई म्हणाल्या.

सणाच्या रविवारी त्या मागल्या बाकावर बसल्या. त्यांच्या शेजारी मी. घरांची नावं पुकारली गेली. गायकवाडांचं आलं तेव्हा त्या उठल्या, डांगर टेबलावर ठेवून आल्या. पेंढ्यांच्या पुढं ते बसलं, नाव नेमकं मंडळीकडं करून. पुरुषांच्या बाजूला दोघातिघांच्या माना हलल्या. मुंबईची हकीकत तोवर प्रत्येक चुलीवर शिजून झाली होती. “पदर पसरला म्हनं,” पुढची एक बाई दुसरीला म्हणाली. मी बाकाच्या लाकडातल्या गाठी बघत होते. आत्याबाईंच्या हातांना काम नव्हतं. त्या पदराचं टोक गुंडाळत होत्या, रुमालासारखं.

गाण्याची वेळ झाली. ओळ उचलायला यशवंतमामांची सून उभी होती. भली पोर, शाळेत शिक्षिका. तिनं उचलली, आणि इतक्या वर उचलली की दुसऱ्या शब्दावर आवाज चिरकला. मुलं फिस्कन हसली. तिनं पुन्हा सुरुवात केली; आता इतकी खाली, की मंडळीला कळलंच नाही सुरू झालंय. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि नुसता श्वास आला. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिच्या तळपायांत काय होतंय ते मला कळत होतं, आत्याबाईंनाही कळत असणार. त्यांच्या गळ्याची शीर हललेली मी पाहिली. पण शब्द दिला होता. ओठ मिटलेले.

पेटीवाला भाता हलवत राहिला. सूर आपला एकटाच लांबत गेला. टेबलावरची एक बांधलेली कोंबडी बोलली. कुणी कुणाकडं बघेना. बघावं तर टेबलाकडं, आणि टेबलावर ते नाव.

यशवंतमामा पहिल्या बाकावर. त्यांची मान मला मागून दिसत होती. ती आधी काळी होती, मग तांबडी झाली, मग कानांच्या पाळ्यांपर्यंत डांगराच्या गरासारखी झाली. पंच म्हणून त्यांनी दिलेला शब्द एकीकडं, आणि रडकुंडीला आलेली सून दुसरीकडं. त्यातून तो माणूस जन्माचा पुकारणारा. अडलेला लिलाव त्याला बघवायचा नाही. ते उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. मागं वळले, आणि उपासना चालू आहे, पाळकसाहेब वेदीपाशी उभे आहेत, सगळं शिरूर ऐकतं आहे, हे साफ विसरून ओरडले,

“ओ एस्तेरवैनी, मुंबईला बिनकामाचं उठला, आन् हितं कामाच्या वक्ताला बसून ऱ्हायलाय व्हय?”